चौदाव्या वर्षाची रेघ

दहावीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यात एक यादी गाजते. गुणवंतांची. ती वर्तमानपत्रात छापून येते, चौकातल्या फ्लेक्सवर चढते, सत्कारात वाचली जाते. दुसरी यादी कुणी छापत नाही. तीत नापास झालेले असतात. आणि त्यांच्याही मागे, कुठल्याच कागदावर नसलेले, दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचलेच नाहीत ते असतात. पहिल्या यादीचं श्रेय शाळा घेते, संस्था घेते, शिकवणी वर्ग घेतात. दुसऱ्या यादीचा दोष मात्र एकट्या मुलाच्या माथी. अभ्यास केला नाही. मोबाइलमध्ये डोकं. घरचं वातावरणच तसं.

हा अन्याय आहे. मूल किती शिकेल हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या मुलाच्या हातात नसतात. त्या आपल्या हातात असतात.

दहावीचे गुण म्हणजे मुलाची अक्कल, असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांनी राज्याच्या निकालाचे तीन आकडे शेजारी ठेवून बघावेत. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये ७७.१० टक्के. २०२० मध्ये ९५.३० टक्के. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं ढ झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली, असं कसं होईल? झालं ते वेगळंच. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रं या विषयांतले शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले. मुलं तीच, माप बदललं.

पण त्या वर्षी फटका सगळ्यांना सारखा बसला नाही, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते. वर्धा ज्या नागपूर विभागात येतो, त्याचा २०१९ चा निकाल ६७.२७ टक्के होता. राज्यात सर्वांत कमी. जवळपास दर तिघांतलं एक मूल नापास. कोकण विभाग त्याच परीक्षेत ८८.३८ वर होता. पुढे निकाल फुगले तरी नागपूर पुन्हा तळालाच गेला. २०२३ मध्ये नागपूर विभाग ९२.०५, २०२४ मध्ये ९४.७३, २०२५ मध्ये ९०.७८. सलग तीन वर्षं नऊ विभागांत शेवटचा. तिन्ही वर्षं पहिला कोकण. कोकणातली मुलं जन्मतः हुशार आणि आपली जन्मतः कमी, असं म्हणायची कुणाची छाती आहे? नसेल, तर मुलांकडे बोट दाखवणं बंद करा आणि त्यांच्याभोवती काय आहे ते बघा.

पास झालेल्यांचं शिक्षण झालं असंही धरून चालू नका. ‘असर’ने २०२३ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. चारातल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं फक्त ४३.३ टक्क्यांना. ही मुलं नववीच्या बीजगणिताच्या तासाला बसतात. फळ्यावर बहुपदी आणि बाकावर भागाकार न येणारं मूल. त्याला समोरचं समजत नाही, आणि समजत नाही हे सांगायची लाज वाटते. मागच्या बाकावर ते गप्प बसतं त्याला आपण आळस म्हणतो.

आता घरच्या वातावरणाबद्दल. हा शब्द शिक्षकांच्या खोलीत फार सैल वापरला जातो. १९६६ मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती गोळा करून त्यांनी म्हटलं की शाळेच्या साधनांपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती गुणांवर जास्त परिणाम करते. तेव्हापासून जगभरच्या शाळांना हे एक सोयीचं कारण मिळालं. पण १९८३ मध्ये हेनमन आणि लॉक्सली या दोन अभ्यासकांनी २९ देशांची आकडेवारी तपासली तेव्हा दुसरंच दिसलं. देश जितका गरीब, तितका मुलाच्या शिकण्यावर शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. नंतरच्या अभ्यासकांनी यावर वाद घातले आहेत, पण मुद्दा साधा आहे आणि गावात राहणाऱ्या कुणालाही पटेल असा आहे. ज्या घरात पुस्तकं आहेत, शिकलेली आई आहे, अभ्यासाला वेगळी खोली आहे, तिथे शाळा थोडी कमी पडली तरी घर सांभाळून घेतं. ज्या घरात यातलं काहीच नाही, तिथे शाळा हीच एकमेव आशा असते. म्हणून समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातल्या शाळेने ‘घरी कुणी लक्ष देत नाही’ म्हणून हात झटकणं हा गुन्हा आहे. घरी कुणी बघणारं नाही, म्हणूनच तर तिथे शाळा हवी.

मग आपण या मुलांना शाळा नेमकी कोणत्या वयात देतो आणि कोणत्या वयात काढून घेतो? आठवीपर्यंत, म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत, दुपारचं जेवण आहे. पाठ्यपुस्तकं मोफत आहेत. गणवेश आहे. शिक्षण हक्काचा कायदा पाठीशी आहे. नववीच्या पहिल्या दिवशी यातलं बहुतेक सगळं संपतं. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी त्याआधीच संपलेली असते, त्यामुळे हायस्कूल दुसऱ्या गावात, एसटीच्या रस्त्यावर. म्हणजे ज्या वयात अभ्यास सर्वांत अवघड होतो, शरीर झपाट्याने वाढतं, भूक वाढते आणि घराला त्या हातांची मजुरी दिसू लागते, नेमक्या त्याच वयात सरकार मागे सरकतं. काही प्रवर्गांना शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण महाराष्ट्राच्या वाट्याला तिचा कोटा आहे वर्षाला ११,६८२ मुलांचा. अख्ख्या राज्याला. शिवाय ती परीक्षा उत्तीर्ण होतात ते आधीच बरं शिकलेले असतात. ज्याला भागाकार येत नाही, त्याच्यासाठी त्या योजनेत जागा नाही.

चौदाव्या वर्षावरची ही रेघ आली कुठून? वर्ध्यातून. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यातल्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती गुंफलेलं, असं तिने ठरवलं. झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला, वय ७ ते १४. त्या काळी ही मागणी क्रांतिकारक होती; बहुतेक मुलांना चौथीही दिसत नव्हती. १९५० च्या राज्यघटनेतल्या ४५ व्या कलमात १४ वर्षं हीच मर्यादा आली. २००२ च्या घटनादुरुस्तीत ६ ते १४. २००९ च्या कायद्यातही ६ ते १४. जग किती बदललं, नोकऱ्या बदलल्या, शेती बदलली, बारावीशिवाय साधं पोलीस शिपाई भरतीच्या रांगेतही उभं राहता येत नाही. आणि हक्क मात्र चौदाव्या वर्षीच संपतो.

ज्यांनी ही रेघ आखली, त्यांनीच ती पुढे सरकवायलाही सांगितलं होतं, हे मात्र आपण विसरलो. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला नई तालीमची, म्हणजे याच शिक्षणपद्धतीची, परिषद झाली. तुरुंगातून सुटून आलेल्या गांधीजींनी तिथे शिक्षणाचा विस्तार जन्मापासून अखेरपर्यंत मानला. पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी, प्रौढशिक्षण असे टप्पे ठरले. उत्तर बुनियादी म्हणजे चौदा वर्षांपुढच्या मुलामुलींचं शिक्षण. सेवाग्रामने १९४५ मध्ये जे ओळखलं, ते मुंबई आणि दिल्लीला अजून कायद्यात लिहिता आलेलं नाही. आणि वर्धा जिल्हा, जो दर २ ऑक्टोबरला बापू कुटीपुढे हात जोडतो, तोही ते मागत नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर ऐकू नका. शेजारच्या कर्नाटकात २००७ पासून दहावीपर्यंत दुपारचं जेवण आहे. तमिळनाडूने ते १९८४ मध्येच दहावीपर्यंत नेलं. ती राज्यं महाराष्ट्रापेक्षा काही अफाट श्रीमंत नाहीत. त्यांनी ठरवलं, आपण ठरवलं नाही. नववीतली मुलगी सकाळी चहा-पोळी खाऊन एसटीने निघते आणि संध्याकाळी घरी येऊन जेवते. मधल्या आठ तासांत तिने प्रमेय समजून घ्यायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. रक्त कमी असलं की दम लागतो, डोकं जड होतं, लक्ष टिकत नाही. लोहाच्या गोळीची साप्ताहिक योजना आहे, शाळांना ती निळी गोळी मिळते. पण रिकाम्या पोटी ती घेतली की मळमळतं, मग मुली ती दप्तरात टाकतात. गोळी आहे, घास नाही. दोन्ही एकत्र दिले तरच दोन्हीचा उपयोग.

आता रस्ता. हायस्कूलच्या मुलीला एसटी फुकट आहे, मुलाला पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. योजना चांगली आहे, महाराष्ट्राला तिचा अभिमान वाटावा. पण फुकट पास असून बसच आली नाही तर काय? शाळा सुटते पाचला आणि गावाकडची फेरी चारला किंवा सातला. चारला जायचं तर शेवटचे दोन तास बुडतात. सातला जायचं तर मुलीचा बाप काळजीने अर्धा होतो, आणि एक दिवस म्हणतो, पुरे झाली शाळा. २०२१ च्या दिवाळीपासून एसटीचा संप लांबला, एप्रिल २०२२ पर्यंत गाडा सुरळीत झाला नाही. कोरोनाने घरी बसवलेली मुलं नुकती शाळेत येत होती, त्याच वेळी त्यांचा रस्ता तुटला. त्या वर्षांत जी मुलं पाचवी-सहावीत होती, तीच पुढे नववी-दहावीत आली. त्यांचा कच्चा पाया हा त्यांचा दोष नाही.

रस्ता सोपा केला की काय होतं ते बिहारने दाखवलं. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगे आणि मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. सर्वांत जास्त फायदा झाला तो ज्यांची शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती त्यांचा. एका सायकलीने हे केलं. मुली त्याच होत्या, त्यांची बुद्धीही तीच होती.

पुढे वावर. आपल्याकडे सोयाबीन सोंगणीला येतं तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा असते. दिवाळीनंतर कापूस फुटतो. वेचाई किलोवर असते, मजूर मिळत नाहीत, आणि घरात दोन हात वाढले तर दिवसाची मजुरी वाढते. आठवडाभर शाळा बुडते, मग पुन्हा आठवडाभर. नेमका तेव्हाच दहावीचा अभ्यासक्रम संपवायची घाई चालू असते. त्या बापाला दोष देऊ नका. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. त्या घरांचं कर्ज पॅकेजने मिटलं नाही. मुलाने एक दिवस वेचलं की किराण्याचे पैसे निघतात हा हिशेब त्यांना करावाच लागतो.

या हिशेबाचा आणि गुणांचा संबंध अभ्यासकांनी मोजला आहे. गर्ग, जगनानी आणि ताराझ यांचा २०२० मधला अभ्यास सांगतो की भारताच्या ग्रामीण भागात दिवसाचं सरासरी तापमान २९ अंशांच्या वर असलेले दिवस एखाद्या वर्षी वाढले, तर पुढच्या वर्षी मुलांचे गणिताचे आणि वाचनाचे गुण घसरतात. कारण वर्गातला उकाडा नाही, शेत आहे. पीक मार खातं, उत्पन्न घटतं, ताटातलं कमी होतं, मूल कामाला लागतं. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आशेची आहे. जिथे रोजगार हमीची कामं नीट चालली, तिथे हा फटका सौम्य झाला. म्हणजे आर्वी किंवा आष्टीतल्या आईला हक्काचं काम मिळालं तर तिच्या मुलाचं गणित सुधारतं. रोजगार हमी ही योजना महाराष्ट्रानेच देशाला दिली. तहसीलमध्ये कामाचा अर्ज अडवणाऱ्या बाबूने हे लक्षात ठेवावं की तो मजुरीबरोबर एका मुलाचे गुणही अडवतो आहे.

आणि शिक्षक. मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली. नंतर भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ च्या अखेरीस झाली, पुढची थेट २०२३ मध्ये. या काळात गणित आणि इंग्रजीचे शिक्षक निवृत्त होत गेले आणि त्यांचे तास ज्याचा तो विषय नाही त्याच्या गळ्यात पडले. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्याचे, निकष आणखी कडक केले. पट कमी, म्हणून शिक्षक कमी. शिक्षक कमी, म्हणून पालक मूल काढून घेतात. मग पट आणखी कमी. लहान गावाच्या शाळेला हा फास लावून आपण तिच्याकडून निकाल मागतो. जे सर आणि मॅडम टिकून आहेत त्यांच्याकडे मतदार यादी आहे, सर्वेक्षण आहे, रोजचे ऑनलाइन अर्ज आहेत. शिकवायला मिळतं तेवढं ते जीव तोडून शिकवतात, आणि अशा शिक्षकांमुळेच या जिल्ह्यातली कितीतरी मुलं उभी राहिली.

पण सगळ्या शाळा निर्दोष नाहीत, तेही बोललं पाहिजे. शंभर टक्के निकालाच्या पाटीसाठी नववीत कच्ची मुलं थांबवली जातात. काहींना १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगतात, म्हणजे ते मूल बाहेरून बसतं आणि शाळेच्या निकालात मोजलंच जात नाही. दवाखान्याने गंभीर रुग्णांना दारातूनच परत पाठवावं आणि आमच्याकडे कुणी दगावत नाही असं सांगावं, तसा हा शंभर टक्के निकाल. ज्या मुलाला शाळेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच शाळेने बाहेर काढायचं, यापेक्षा वाईट अपयश शाळेचं दुसरं कोणतं?

मोबाइलबद्दल दोनच वाक्यं. तो अभ्यासाचा वेळ खातो हे खरं आहे आणि घराघरात त्याचे नियम हवेतच. पण मोबाइल कोकणातही आहे, म्हणून विभागांमधल्या दरीचं उत्तर त्यात शोधू नका.

काय करायचं ते अवघड नाही. नववी-दहावीच्या जेवणासाठी राज्याची वाट बघत बसू नका. जिल्हा नियोजन समितीने एका तालुक्यापासून सुरुवात करावी, सर्वांत लांबचा तालुका आधी. त्या जेवणानंतरच निळी गोळी द्यावी, आणि वर्षातून एकदा रक्त व डोळे तपासावेत. ज्या जिल्ह्यात सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आहे त्याला हे अशक्य नाही. एसटीच्या आगारप्रमुखांनी जूनमध्ये, विदर्भातल्या शाळा उघडण्याआधी, मुख्याध्यापकांसोबत बसून फेऱ्यांच्या वेळा ठरवाव्यात. नववीचे पहिले दोन महिने धडा संपवण्याला नव्हे, तर वाचन आणि चार मूलभूत क्रियांना द्यावेत. आणि प्रत्येक शाळेने निकालाच्या पाटीवर दोन आकडे लिहावेत: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती, आणि त्यांतली किती दहावी पास झाली. टक्केवारी या दोन आकड्यांची काढा. नववीत गाळलेलं, १७ नंबरवर ढकललेलं, वेचाईला गेलेलं, बस चुकून घरी बसलेलं, प्रत्येक मूल त्या हिशेबात आपोआप येईल.

पालकांनो, ही टक्केवारी मुख्याध्यापकांना मागा. शाळा व्यवस्थापन समितीत मागा, ग्रामसभेत मागा. मत मागायला येईल त्याला विचारा की आमच्या नववीतल्या लेकराचं जेवण कुठे आहे. १९३७ मध्ये वर्ध्याने देशाला सांगितलं होतं की सात ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, आणि देशाला ते ऐकावं लागलं. चौदाच्या पुढचं मागण्याचा पहिला अधिकार वर्ध्याचाच आहे. तो वापरा.